हिंसक व्हिडिओ गेम्समुळे मुलं खरंच हिंसक होतात का? संशोधन काय सांगतं ते सोप्या भाषेत

पबजी, बीजीएमआय, फ्री फायर, जीटीए... घरात यातला कुठलाही गेम सुरू असला की कुणीतरी मोठं माणूस म्हणतंच, "दिवसभर ढिशुम ढिशुम बघून पोरगं तसंच होणार." आणि खेळणारा स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणतो, "काही होत नाही, नुसता गेम आहे." पुन्हा कुठे एखाद्या अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्याची बातमी आली आणि त्यात गेमचं नाव असलं, की हाच वाद नव्याने सुरू होतो.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. पण हा प्रश्न शेवटी डेटाचा आहे, आणि डेटा कसा गोळा झाला हे तपासणं आमच्या रोजच्या कामातलंच. म्हणून या विषयावरचे मुख्य अभ्यास वाचून काढले. त्यातून काय निघतं ते या लेखात बघूया.

आधी थोडक्यात उत्तर

हिंसक गेम खेळल्यामुळे मुलं गुन्हेगार होतात किंवा कुणाचा जीव घेतात, याला पुरेसा पुरावा नाही. ओरडणं, ढकलणं, चिडचिड असल्या वागण्याशी गेम्सचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही, आणि जिथे दिसतो तिथे तो लहान असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वात मोठ्या संघटनेची २०२० मधली भूमिकाही साधारण हीच आहे: आक्रमक वागण्याशी छोटा संबंध मान्य, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेम्सवर फोडू नका.

एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण "छोटा संबंध" म्हणजे किती, आणि तो मोजला कसा, हा भाग जास्त भारी आहे.

आपल्याकडचा वाद

पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला आणि वर्षभरात कॉलेजच्या कट्ट्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे दिसायला लागला. २०१९ च्या सुरुवातीला एका ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या गेमवर बंदी घालावी म्हणून याचिका केली. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी शहरात पबजी खेळायलाच बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या काही तरुणांना अटकसुद्धा केली. फोनवर गेम खेळला म्हणून अटक!

पुढे २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. इथे एक गैरसमज बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्का बसलाय. ही बंदी हिंसेमुळे नव्हती. ती आयटी कायद्याच्या कलम ६९ए खाली होती आणि दिलेलं कारण देशाची सुरक्षा व युजर्सचा डेटा हे होतं. जुलै २०२१ मध्ये त्याच गेमची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेली, मे २०२३ मध्ये परत आली. परत येताना १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा लागली. रक्ताचा रंगही लालऐवजी हिरवा. (रक्त हिरवं केल्याने मुलाच्या मनावरचा परिणाम बदलतो, असं निदान मी वाचलेल्या कुठल्या अभ्यासात नव्हतं.)

आक्रमकता मोजायची कशी?

समजा तुम्हाला प्रयोग करायचाय. वीस मुलांना मारधाडीचा गेम दिला, वीस मुलांना साधा. नंतर बघायचंय की कोण जास्त आक्रमक झालं. पण प्रयोगशाळेत मुलांना एकमेकांना मारू तर देता येत नाही. मग करायचं काय?

संशोधकांनी यावर भन्नाट युक्त्या शोधल्यात. एक आहे तिखट सॉसची. गेम खेळून झालेल्या माणसाला सांगतात, "शेजारच्या खोलीतल्या माणसाला हा सॉस खायचाय, त्याला तिखट आवडत नाही, किती द्यायचा ते तू ठरव." जितके ग्रॅम सॉस जास्त, तितकी आक्रमकता जास्त! आमच्या कोल्हापूरच्या मित्रावर हा प्रयोग झाला असता तर सगळा आलेखच बिघडला असता.

दुसरी युक्ती आवाजाची, आणि बरेचसे गाजलेले निष्कर्ष हिच्यावर उभे आहेत. तुम्ही आणि शेजारच्या खोलीतला स्पर्धक, दोघांनी बटण लवकर दाबायचं. जो जिंकेल त्याने हरलेल्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा आणि किती वेळ, ते जिंकणाऱ्याने ठरवायचं. शेजारी प्रत्यक्षात कुणीच नसतं, समोर असतो एक प्रोग्राम. अशा साधारण पंचवीस फेऱ्या होतात.

आता यातून आक्रमकतेचा एक आकडा काढायचा. कसा काढाल? आवाजाची पातळी घ्यायची की कालावधी? की दोन्हींचा गुणाकार? सगळ्या फेऱ्यांची सरासरी, की फक्त पहिली फेरी? की हरल्यानंतरच्याच फेऱ्या? माल्टे एल्सन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ही चाचणी वापरणारे शंभराहून जास्त शोधनिबंध एकत्र केले, तेव्हा त्यांत आकडा काढण्याच्या दीडशेहून जास्त वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. म्हणजे काही ठिकाणी एकाच निबंधात एकाहून जास्त.

कोडिंग करणाऱ्यांना यातला धोका लगेच कळेल. एकाच डेटावर दहा फॉर्म्युले चालवून बघितले, तर एखाद्यात नुसत्या योगायोगानेसुद्धा "फरक" दिसतो. तो एकच छापला की बातमी तयार. संशोधक मुद्दाम फसवतात असं मला म्हणायचं नाही. पण फॉर्म्युला आधी ठरवून जाहीर केला नसेल, तर निकालावर मी तरी बेताचाच विश्वास ठेवीन.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर

आमच्याकडे अॅपमध्ये बदल करताना ए/बी टेस्ट करतात. अर्ध्या लोकांना जुनं बटण, अर्ध्यांना नवं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बटणाचा रंगही बदलला आणि जागाही बदलली, तर क्लिक कशामुळे वाढले ते कळत नाही.

२००० साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला 'वोल्फेन्स्टाइन थ्रीडी' दिला होता आणि दुसऱ्याला 'मिस्ट'. पहिल्यात नाझी सैनिकांना धडाधड गोळ्या घालत पळायचं, दुसऱ्यात एका शांत बेटावर फिरत कोडी सोडवायची. हिंसेचा फरक आहेच. पण वेग, ताण, घाई, हरण्याची भीती हे सगळंसुद्धा वेगळं आहे. मग परिणाम नक्की कशाचा?

कॅनडातल्या अडाची आणि विलोबी या दोघांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. हिंसक आणि अहिंसक गेम्सची जोडी अशी निवडली की स्पर्धा, अवघडपणा आणि वेग सारखे असावेत. हिंसेमुळे फरक दिसला नाही. मग स्पर्धा कमी-जास्त असलेले गेम दिले, तेव्हा जास्त स्पर्धेच्या गेमनंतर लोकांनी दुसऱ्याला जास्त तिखट सॉस वाढला, मग त्या गेममध्ये मारामारी असो की गाड्यांची शर्यत.

याहून मजेशीर प्रयोग अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, २०१४ चा. त्यातल्या एका भागात त्यांनी टेट्रिस घेतला. टेट्रिसमध्ये ना रक्त, ना बंदूक, नुसत्या विटा. फक्त प्रोग्राममध्ये असा बदल केला की खेळणाऱ्याला दर वेळी त्या क्षणी सर्वात निरुपयोगी असलेलीच वीट मिळेल. लोक वैतागले आणि त्यांच्या आक्रमक भावना वाढल्या. गेममधली हिंसा शून्य.

गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. आउट की नॉट आउट यावरून कॉलर धरली जाते, आणि ज्याची बॅट असते तो बॅट घेऊन घरी जातो. तिथे कुणी "क्रिकेटने मुलं हिंसक होतात" असं म्हणत नाही.

प्रयोगशाळेबाहेर

पाच मिनिटांच्या प्रयोगापेक्षा मुलांना महिनोन् महिने बघणारे अभ्यास जास्त उपयोगी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी असे २४ अभ्यास एकत्र केले. ९ ते १९ वयाची सतरा हजारांवर मुलं. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढच्या काळात मारामारीसारखं वागणं थोडं वाढलेलं दिसलं. संबंधाचा आकडा होता साधारण ०.११, आणि घरची परिस्थिती वगैरे इतर गोष्टी हिशोबात घेतल्यावर ०.०८. हा आकडा शून्य असेल तर काहीच संबंध नाही, एक असेल तर पूर्ण संबंध. ढोबळमानाने त्याचा वर्ग केला की मुलामुलांतल्या वागण्याच्या फरकापैकी किती भाग गेममुळे समजावता येतो त्याचा अंदाज येतो. ०.०८ चा वर्ग म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

त्याच्या पुढच्या वर्षी शिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांचा अभ्यास आला. ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची १००४ मुलं आणि तितकेच पालक. यातल्या तीन गोष्टी मला आवडल्या. विश्लेषण कसं करणार ते डेटा बघायच्या आधी जाहीर केलं होतं. गेम किती हिंसक हे मुलाला न विचारता अधिकृत वयाच्या रेटिंगवरून ठरवलं. आणि मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. निकाल: हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांत संबंध आढळला नाही.

जर्मनीतल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना दोन महिने रोज जीटीए ५ खेळायला दिला होता, दुसऱ्या गटाला 'द सिम्स ३'. शेवटी आक्रमकतेत फरक नाही. अर्थात ती मोठी माणसं होती, मुलं नाहीत.

एक टक्का म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी मुलं खेळत असतील तर छोटा परिणामही कुठेतरी दिसू शकतो. पण त्यावरून "अमुक मुलाने गुन्हा केला कारण तो पबजी खेळायचा" असं म्हणता येत नाही. तो ज्या शाळेत होता त्या वर्गातले निम्मे पबजीच खेळत असणार.

लहान मुलांचं मात्र वेगळं

वरचे बरेचसे अभ्यास तेरा-चौदाच्या पुढच्यांचे आहेत. सात-आठ वर्षांच्या पोराला तेच लागू होईल असं धरून चालू नका. लहान मुलं नक्कल करतात हे १९६१ मध्येच अल्बर्ट बांडुराने स्टॅनफर्डमध्ये दाखवलं होतं. मोठ्या माणसाला एका फुगवलेल्या बाहुल्याला झोडपताना बघितलं की ३ ते ६ वर्षांची मुलंही तसंच झोडपत होती, अगदी तेच शब्द वापरून. आता तो बाहुला मारण्यासाठीच बनवलेला असतो, ही टीकाही तितकीच जुनी आहे. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन "ठो!" करणारं पोरगं कुणाचा जीव घ्यायला निघालेलं नसतं.

२०१९ चा एक प्रयोग मात्र अंगावर काटा आणतो. अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या २२० मुलांनी माइनक्राफ्टच्या तीन आवृत्त्या खेळल्या किंवा बघितल्या: बंदुकीची, तलवारीची आणि हिंसा नसलेली. नंतर त्यांना जोडीने एका खोलीत सोडलं, जिथल्या कपाटात निकामी केलेली खरी पिस्तुलं ठेवली होती. बंदुकीच्या गटातल्या सुमारे ६२ टक्के मुलांनी पिस्तुलाला हात लावला, तलवारीच्या गटातल्या ५७ टक्के, आणि अहिंसक गटातल्या ४४ टक्के.

बातम्यांत ६२ चा आकडा आला. मी ४४ कडे बघत बसलो. ज्यांनी नुसती शांतपणे घरं बांधली, त्यांच्यातही जवळपास निम्म्या मुलांनी खरं पिस्तूल उचललं. म्हणजे गेमने भर घातली असेल, पण कपाटाला कुलूप नव्हतं हे पहिलं. जून २०२२ मध्ये लखनौला १६ वर्षांच्या मुलाने आईवर गोळी झाडल्याचा आरोप झाला, तेव्हा सगळे मथळे पबजीचे होते. पोलिसांच्या सांगण्यानुसार पिस्तूल वडिलांचं, परवान्याचं होतं. ते मुलाच्या हाती कसं लागलं याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

मग घरात जी चिडचिड दिसते ती कसली?

माझा दहा वर्षांचा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे येतो. एरवी गरीब गाय. पण मॅचच्या मध्ये ताईने "जेवायला चल" म्हणून फोन काढून घेतला की त्याचा अवतार बघण्यासारखा असतो. ताईचं म्हणणं, गोळीबार बघून असा झालाय. मला वाटतं कारण गेमच्या रचनेत आहे.

बीजीएमआयच्या क्लासिक मॅचमध्ये १०० जण उतरतात. चार-चारच्या टीम धरल्या तर २५ टीम, त्यातली एक जिंकते. म्हणजे दर मॅचला ९६ जण हरतात. असा हरण्याचाच सराव देणारा दुसरा खेळ मला आठवत नाही. शिवाय मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ऑनलाइन गेमला पॉज नसतो. मध्येच उठलं की रँक जाते आणि टीममधले मित्र शिव्या घालतात. आईला दिसतं "पोरगं ऐकत नाही", पोराला दिसतं "शेवटच्या दहांत होतो आणि फोन गेला". टेट्रिसच्या त्या वाईट विटांसारखंच.

त्यात झोप. रात्री दीडपर्यंत खेळून सकाळी शाळेला उठवलेलं मूल चिडचिड करणारच, मग रात्री गेम बघितला असो की वेब सिरीज. आणि व्हॉइस चॅट. दहा वर्षांचं पोर अनोळखी मोठ्या मुलांच्या तोंडून ज्या शिव्या ऐकतं, त्या ते दोन दिवसांत घरात बोलून दाखवतं. माझ्या मते लहान मुलांच्या बाबतीत गोळीबारापेक्षा हा भाग जास्त लक्ष देण्यासारखा आहे, आणि नेमका याकडेच कुणी बघत नाही.

गेमचं व्यसन हा आणखी वेगळा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतलाय आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं सोडून गेमलाच महत्त्व देणं, नुकसान होत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, असे त्याचे निकष आहेत. त्यात गेम हिंसक आहे की नाही याचा उल्लेखही नाही. तशी शंका आली तर गेमवरून भांडण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

फोनवर काय करता येईल

घरातल्या लहान भावंडाच्या फोनचं सेटिंग बहुतेक वेळा आई-बाबा नाही, तुम्हीच करून देता. म्हणून हे तुमच्यासाठी.

प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून सेटिंग्ज, मग फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल्स. पिन सेट करा आणि मुलाच्या वयाचं रेटिंग निवडा. त्याच्या वरचे गेम डाउनलोडच होणार नाहीत. पिन तुमची जन्मतारीख ठेवू नका, पोरांना ती पाठ असते. गुगलच्या फॅमिली लिंक अॅपमधून प्रत्येक अॅपला वेळेची मर्यादा आणि रात्री फोन बंद होण्याची वेळ ठरवता येते. आयफोनवर हेच काम स्क्रीन टाइम करतं.

ही रेटिंगं फक्त स्टोअरमधून घेतलेल्या गेमला लागू होतात. टेलिग्रामवरून आलेल्या 'मॉड एपीके'ला कुठलंच रेटिंग नसतं, आणि त्यात आणखी काय घुसवलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. पबजी बंद झाल्यावर पोरांनी अशाच फाइली धडाधड टाकल्या होत्या. 'अननोन अॅप्स इन्स्टॉल करा' ही परवानगी ब्राउझर, टेलिग्राम, फाइल मॅनेजर सगळ्यांसाठी बंद ठेवा.

लहान मूल खेळत असेल तर गेममधला माइक आणि स्पीकर अनोळखी टीमसाठी बंद करून द्या. आणि जेवणाची हाक मॅच संपताना मारा. भाच्याशी आमचं आता ठरलंय, साडेआठला जेवण असेल तर आठनंतर नवीन क्लासिक मॅच सुरू करायची नाही. फारच हात शिवशिवत असतील तर टीम डेथमॅच, ती दहा मिनिटांत उरकते.